ट्रायजेमिनलचं सुईचं ऑपरेशन, काही महिन्यांनंतर: दुखणं गेलं, पण डोळ्याचं काय?

ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, म्हणजे चेहऱ्याच्या नसेतून विजेच्या झटक्यासारख्या कळा येणं. हे दुखणं ज्यांनी घरात पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. माझ्या मायचं आरएफ, म्हणजे सुईनं उष्णता देऊन ती नस बधिर करायचं ऑपरेशन, झालं आणि कळा त्याच दिवशी थांबल्या. कार्बामाझेपिन या कळांवरच्या गोळीची गुंगी सुटली, झोक जाणं सुटलं. काही वर्षांनी दुखणं उलटू शकतं हे माहीत आहे, तरी ऑपरेशनला पैकीच्या पैकी गुण.

राग आहे तो नंतरच्या तपासणीवर. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून नागपूर म्हणजे एसटी, ऑटो, वर दोघांची मजुरी बुडते. तिथं विचारतात, "दुखते का आजी?" मग "हसून दाखवा, डोळे घट्ट मिटा." झालं, घ्या फाईल! अहो, हसणं आणि डोळे मिटणं हे सातव्या नसेचं काम, सुई घातली पाचवीत, म्हणजे चेहऱ्याचा आणि बुबुळाचा स्पर्श कळवणाऱ्या ट्रायजेमिनल नसेत. कपाळ, गाल, हनुवटी तिन्हीकडं स्पर्श आणि थंड-गरम कळतं का, तोंड उघडल्यावर जबडा एका अंगाला सरकतो का, हे कोणी पाहायचं?

गाल बधिर राहील हे आधीच सांगितलं होतं, त्याची तक्रार नाही. त्या कळांपुढं बधिरपणा परवडला, असं मीच सगळ्यांना सांगत होतो. सोयाबीन काढणीत मत बदललं. थ्रेशरचं भूस उडालं, संध्याकाळी मायचा उजवा डोळा लालभडक. माय म्हणे, "दुखत नाही ना बापा, राहू दे."

तालुक्याच्या डोळ्याच्या डॉक्टरांनी कापसाचा बोळा घेतला, त्याची बारीक वात ओढली आणि बाजूनं आणून उजव्या बुबुळाला हलकेच टेकवली. एकही पापणी लवली नाही. डाव्या डोळ्याला टेकवली, दोन्ही लवल्या. म्हणजे मिटवणारी नस शाबूत, उजवीकडची कळणारी गेली. अशा डोळ्यात कचरा गेला तरी कळत नाही, जखम चिघळून फूल पडू शकतं. मायचं थोडक्यात निभावलं. आता थेंब, रात्री मलम, शेतात चष्मा, आणि रोज आरशात डोळा पाहणं.

या तपासणीला लागतो एक मिनिट आणि चिमूटभर कापूस. कपाशीच्या मुलखातल्या बाईला ती ऑपरेशननंतर इतक्या उशिरा मिळावी, याचा मला फार संताप आहे. घरी मात्र करू नका, बुबुळ खरचटेल. डॉक्टरांकडून फाईलवर लिहून घ्या: कॉर्नियल रिफ्लेक्स (बुबुळाला कापूस टेकवल्यावर पापणी लवते का), उजवा काय, डावा काय. लिहिलेलं नसेल तर खुर्चीवरून उठू नका.