लोअर आर्म दोनदा बदलले, त्याला आता आठ महिने झाले: पुढच्या चाकातल्या टकटकीचा हिशेब

गाडी २०१० सालची पेट्रोल हॅचबॅक. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे शॉकअपवरच स्प्रिंग चढवलेली आणि खाली चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा एकच लोअर आर्म. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना हीच रचना असते, त्यामुळे पुढचं सगळं माझ्याच गाडीपुरतं नाही. दुसऱ्यांदा आर्म बसवले ते मे २०२४ मध्ये. त्यानंतर साडेनऊ हजार किलोमीटर झाले, एक अख्खा पावसाळा गेला, भुईबावडा घाटातून दोनदा कोकणात उतरलो, आणि आता कोल्हापुरात उसाचा हंगाम जोरात आहे. ट्रॉल्यांनी रस्ता दाबून ज्या लाटा उठवल्यात, त्यांवरून रोजचं जाणं-येणं. टकटक बंद आहे. पण इथवर यायला जे पैसे गेले, त्यातले निम्मे तरी माझ्या घाईमुळे गेले.

२०२३ च्या गणपतीत सुरुवात झाली. छोट्या खड्ड्यातून डावं चाक गेलं की टक, टक. पहिले दोन दिवस मी डिकीच रिकामी करत होतो. जॅक, टॉमी, स्टेपनी, कधीची पडलेली नारळाची पिशवी, सगळं बाहेर काढलं. ते वाया गेलं म्हणणार नाही, कारण बॅटरीची पट्टी ढिली सापडली आणि ती आवळल्यावर एक वेगळीच खडखड गेली. टायरमध्ये पंपवाल्याने ३८ हवा भरून ठेवली होती, तीही दरवाजावरच्या स्टिकरप्रमाणे केली. टायर दगडासारखे असले की धड सस्पेन्शनही आपटल्यासारखं वाजतं. टकटक मात्र होती तिथेच.

पहिल्या गॅरेजात गाडी लावली. मेस्त्रींनी बॉनेटचा कोपरा दोनदा दाबला आणि निकाल दिला, "शॉकअप गेल्यात बघा दोन्ही." मी मान डोलावली. तेल गळत नव्हतं आणि दाबून सोडल्यावर गाडी एका हेलकाव्यात थांबत होती, हे डोळ्यांनी बघूनही डोलावली. ६,८०० रुपये. नवीन शॉकअप बसल्यावर गाडी छान बसली, आणि टकटक आधीपेक्षा स्वच्छ ऐकू यायला लागली!

मग मी स्वतः ऐकायला बसलो. खरं तर मी नाही, बायको. मी चालवत असल्यामुळे मला सगळे आवाज स्टीअरिंगमधूनच येतात असं वाटायचं. ती शेजारी बसून म्हणाली, "अहो, दोन्ही चाकं स्पीडब्रेकरवर एकदम चढली की वाजत नाही. एकच चाक खड्ड्यात गेलं की वाजतं." त्या एका वाक्यात अर्धं निदान होतं. दोन्ही चाकं सारखी वर गेली तर स्टॅबिलायझर बारला, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूंना जोडून गाडीचं कलणं कमी करणाऱ्या दांडीला, पीळ पडत नाही. एकच गेलं तर पडतो, आणि त्या बारला चाकाशी जोडणारी लिंक रॉड झिजलेली असेल तर नेमकी तेव्हाच बोलते.

आता लिंक रॉड तपासायची गंमत अशी की एका बाजूला जॅक लावून हलवून बघितली तर ती घट्टच लागते. एक चाक हवेत आणि दुसरं जमिनीवर असलं की बारला पीळ बसतो, लिंक ताणलेली राहते आणि खेळ लपतो. मीही आधी तसंच करून "लिंक बरी आहे" असं ठरवून मोकळा झालो होतो. दुसऱ्या गॅरेजात गाडी, खाली उतरून काम करायचा खड्डा असतो, त्यावर घेतली, चारही चाकं जमिनीवर. तिथल्या मामांनी मला खाली बोलावलं, माझा हात लिंकच्या वरच्या गोळ्यावर ठेवला आणि पोराला गाडी आडवी हलवायला सांगितली. बोटांना टिचकी मारल्यासारखा ठोका लागला. उजव्या बाजूला काहीच नाही. जोडी ९०० रुपयांना. त्यांनी आणखी एक युक्ती सांगितली: शंका असेल तर दोन्ही लिंक काढून बार बांधून ठेवायचा आणि गल्लीत हळू एक चक्कर मारायची. आवाज गेला तर दोष लिंकचा किंवा बारला धरणाऱ्या रबरांचा, म्हणजे डी-बुशचा. त्या अवस्थेत गाडी वळणावर जास्त कलते, म्हणून हायवेवर न्यायची नाही.

टकटक गेली, पण तिच्याखाली लपलेला दुसरा आवाज वर आला. जुन्या गाडीत असंच होतं, मोठा गप्प झाला की धाकटे बोलायला लागतात. हा ब्रेक मारताना आणि पहिल्या गिअरमध्ये निघताना एकदाच 'धप्प' व्हायचा. मामांनी टॉमी लावून आर्म मागेपुढे ढकलला. मागच्या बुशचं, म्हणजे आर्म जिथे सांगाड्याला बोल्टने बसतो तिथल्या सांध्याचं, रबर सुटून लोंबत होतं. डिसेंबरमध्ये बुश आणि बॉल जॉईंट (आर्मचा चाकाकडचा गोळ्याचा सांधा) सकट दोन्ही आर्म नवे टाकले. त्या दिवशी मामा गावाला गेले होते, काम पोराने केलं. चार महिने छान गेले. एप्रिलमध्ये कुईकुई सुरू झाली आणि पाठोपाठ तोच 'धप्प'.

दोष पार्टचा असेल असं वाटून मी दुकानदाराशी वाद घालायला गेलो. त्याने बुश हातात घेतला, फिरवला आणि विचारलं, "बोल्ट कुठं आवळला? चाक लोंबत असताना?" खरंच तसंच झालं होतं. बुशच्या रबराला एक भेग होती, काकडीच्या चकतीवर अर्धवर्तुळ कापावं तशी, एकाच बाजूला.

आतली लोखंडी नळी आणि बाहेरचं कवच यांच्यामध्ये रबर चिकटवलेलं असतं. आर्म वर-खाली होताना काहीही घसरत नाही, रबरच पिळतं आणि परत येतं. बोल्ट आवळला की आतली नळी त्या स्थितीत जखडते. चाक हवेत लोंबत असताना आवळलं, तर ती लोंबती स्थिती रबराच्या दृष्टीने आरामाची होते. मग गाडी जमिनीवर ठेवली की उभ्या उभ्याच रबर पिळलेलं राहतं, आणि प्रत्येक खड्डा त्यात भर घालतो. म्हणून बोल्ट आधी नुसते हाताने लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, एकदोनदा दाबून बसू द्यायची आणि मगच शेवटचं आवळायचं. खड्डा किंवा रॅम्प असेल तर सोपं. नसेल तर आर्मच्या बॉल जॉईंटकडच्या टोकाखाली जॅक लावून गाडी स्टँडवरून सुटेल-सुटेल इतपत उचलायची, म्हणजे आर्म रोजच्या उंचीवर येतो.

मेमध्ये तेच पार्ट, त्याच दुकानातून, त्याच किमतीत परत घेतले, ३,६०० ची जोडी. या वेळी मामांनी स्वतः खड्ड्यात उतरून आवळले आणि मी वरून गाडीत बसून वजन दिलं. लगेच अलाइनमेंट केली. तेव्हापासून आठ महिने त्या बुशमधून चूं नाही. म्हणून पार्ट ओरिजिनल की लोकल यावर मी आता फार वाद घालत नाही. बसवताना समोर उभा राहतो.

मधल्या काळात एक वेगळा त्रास झाला, तो पहिल्या गॅरेजची देणगी. शॉकअप बदलताना वरचा माउंट, म्हणजे शॉकअपचं वरचं टोक बॉडीला धरणारा भाग, आणि त्यातलं बेअरिंग जुनंच ठेवलं होतं. फेब्रुवारीपासून उभ्या गाडीत स्टीअरिंग फिरवलं की 'टंग' व्हायचं. बायकोने स्टीअरिंग फिरवलं आणि मी चाकाच्या वरून स्प्रिंगवर दोन बोटं टेकवली. स्प्रिंग अडकून अडकून एकदम उडी मारत होती. बेअरिंग जाम झालं की स्प्रिंगला पीळ पडतो आणि ती मग सुटते. परत स्ट्रट खोला, परत मजुरी. शॉकअप खोललेच आहेत तर माउंट, बेअरिंग, बंप स्टॉप आणि धुळीचं रबर त्याच वेळी बदलून घ्या. मजुरी एकदाच लागते.

बाकीचे आवाज थोडक्यात सांगतो, कारण माझ्या गाडीत ते झाले नाहीत, पण तपासताना वगळावे लागले. खराब रस्त्यावर खडखड आणि ब्रेकवर पाय नुसता टेकवला की बंद, म्हणजे ब्रेकचे पॅड किंवा ते धरणाऱ्या कॅलिपरच्या पिना. पूर्ण वळवून निघताना कट-कट-कट, म्हणजे एक्सलचा बाहेरचा जॉईंट. वेगाबरोबर वाढणारी आणि गाडी झुकली की बदलणारी घूं, म्हणजे चाकाचं बेअरिंग. पाणी मारल्यावर थोडा वेळ गप्प बसणारी कुईकुई बहुतेक रबराची असते. तिथे इंजिन ऑइल किंवा ग्रीस चोपडू नका, रबर फुगून खराब होतं.

एका बाबतीत मात्र वाट बघू नका. चाक उचलून घड्याळातल्या १२ आणि ६ वर धरून हलवताना बॉल जॉईंटमध्ये खेळ दिसला, किंवा ९ आणि ३ वर टाय रॉड एंडमध्ये (स्टीअरिंगची दांडी चाकाला जोडणारा सांधा) दिसला, तर "पुढच्या पगाराला बघू" चालणार नाही. बॉल जॉईंट सुटला तर चाक आडवं पडतं. लिंक रॉड महिनाभर वाजली तरी डोकंच दुखेल.

एकूण खर्च १९ हजारांच्या आसपास गेला. निदान आधी झालं असतं तर लिंक, आर्म, मजुरी आणि अलाइनमेंट धरून आठ-नऊ हजारांत भागलं असतं. नव्या शॉकअपबद्दल मात्र तक्रार नाही. भरलेल्या गाडीनिशी घाट उतरताना त्यांचा फरक कळतो, नुसते ते लवकर बदलले गेले.

अजून एक आवाज शिल्लक आहे. पेव्हर ब्लॉकवरून अगदी हळू जाताना स्टीअरिंगमध्ये बारीक खुळखुळ लागते. स्टीअरिंग रॅक, म्हणजे स्टीअरिंग फिरवलं की चाकं वळवणारा भाग. मामा म्हणाले आवळून देतो, पण जास्त आवळला तर वळणानंतर स्टीअरिंग आपसूक परत येत नाही, म्हणून मीच नको म्हटलं. बायकोला ती खुळखुळ अजून ऐकू आलेली नाही. तोवर तो आवाज नाहीच, असं आमच्या घरात ठरलंय.