तिबेटी चेरीचे पैसे आणि हातात रानचेरी

घासलेल्या तांब्याच्या बंबासारखं खोड. प्रूनस सेरूला, म्हणजे तिबेटी चेरी, ओळखली जाते ती या एका गोष्टीसाठी. पश्चिम चीनच्या डोंगरांतलं हे झाड वनस्पती गोळा करत फिरणाऱ्या अर्नेस्ट विल्सन यांनी 1908 साली ब्रिटनमध्ये आणलं. फुलं पांढरी, बारकी, त्यात पानांबरोबरच येतात, त्यामुळे धड दिसतही नाहीत. खोडाची ती चकाकती साल नसेल तर या झाडासाठी चार पैसे जास्त मोजण्यात काहीच अर्थ नाही. आणि गंडवतात ते नेमके सालीतच.

इंग्लंडमधल्या एका मराठी कुटुंबाने नोव्हेंबरात ऑनलाइन झाड मागवलं. उघड्या मुळांचं, खोडाचा घेर 8 ते 10 सेंटिमीटर, किंमत 100 पौंडांच्या वर. चिठ्ठीवर नाव अगदी बरोबर. एप्रिलअखेर पानं उघडली ती रुंद, लोंबती, आणि देठाच्या वरच्या टोकाशी दोन लाल गाठी. ही रानचेरी, प्रूनस एव्हियम. शोभेच्या चेरीची कलमं ज्या खुंटांवर, म्हणजे मुळं पुरवणाऱ्या खालच्या झाडांवर बांधतात, त्यांतला हा नेहमीचा. वरचं कलम दगावलं की सांध्याखालून खुंट फुटतो, आणि तोच फुटवा काठीला बांधून सरळ वाढवला तर दोन-तीन वर्षांत विकण्याजोगं झाड तयार होतं. नर्सरीत हे नजरचुकीनेही घडतं. पण फोटो दाखवून विचारल्यावरही विक्रेता हेच झाड खरं म्हणत राहिला, तेव्हा त्याला चूक म्हणवत नाही.

त्याने तीन उत्तरं दिली. तिन्ही ऐकायला पटतात, म्हणून ती इथे देतो.

पहिलं, सालीची झळाळी वयानुसार चढते. हे अर्धसत्य आहे. जुन्या झाडाची झळाळी कोवळ्या झाडाला नसते हे खरं, पण 8-10 घेराच्या सेरूलाच्या खोडावर तपकिरी-लाल चकाकी, आडव्या फिकट रेघा आणि कडेला सुटणारे पातळ पापुद्रे दिसायलाच हवेत. रानचेरीच्या कोवळ्या सालीवरही आडव्या रेघा असतात आणि थोडी लकाकी असते, म्हणूनच तर ती खपते. पण रंग राखाडीकडे झुकतो. ओल्या फडक्याने खोड पुसून लगेच फोटो काढला की दोन्ही सारख्याच चमकतात. कोरड्या खोडाचा, उन्हातला आणि तुम्हाला मिळणार त्याच झाडाचा फोटो मागा. जाहिरातीतला फोटो बहुधा बागेत वर्षानुवर्षं वाढलेल्या, हात फिरवून गुळगुळीत केलेल्या झाडाचा असतो.

दुसरं, झाडासोबत येणारी अधिकृत चिठ्ठी, म्हणजे प्लांट पासपोर्ट, आहे की! आहे ना. त्या चिठ्ठीवर 'ए'समोर वनस्पतीचं शास्त्रीय नाव, 'बी'समोर नोंदणी क्रमांक, 'सी'समोर मालाचा माग काढायचा क्रमांक आणि 'डी'समोर मूळ देशाचा संकेत असतो. ही व्यवस्था रोग-किडींसाठी आहे, जातीच्या खरेपणासाठी नाही. 'ए'समोर नुसतं 'प्रूनस' लिहिलं असेल तर त्यात आलूबुखारही बसतो.

तिसरं, तीस दिवस उलटले. ब्रिटनच्या 2015 च्या ग्राहक हक्क कायद्यात माल थेट परत करून पूर्ण पैसे मागायची मुदत 30 दिवस आहे, हे बरोबर. निष्पर्ण झाड नोव्हेंबरात पाठवलं की ती मुदत पान दिसण्याआधीच संपते. सगळा खेळ या हिशेबावर चालतो. पण हक्क तिथे संपत नाही. मिळाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दोष दिसला तर तो मुळातच होता असं धरलं जातं, आणि तसं नव्हतं हे विक्रेत्याने सिद्ध करायचं. आधी बदली झाड मागायचं, तेही चुकीचं आलं किंवा आलंच नाही तर पैसे. नोव्हेंबर ते एप्रिल या सहा महिन्यांत बसतं, म्हणून पहिली चार पानं पूर्ण उघडली की लगेच मोजपट्टी ठेवून फोटो काढा. सेरूलाचं पान 5 ते 10 सेंटिमीटर लांब, पण रुंदी फार तर 3. कडेला बारीक दाते. रानचेरीचं 4 ते 7 रुंद. एवढ्या फरकावर वाद उरत नाही. 100 पौंडांवरची खरेदी क्रेडिट कार्डाने केली असेल तर 1974 च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या कलम 75 खाली बँकेकडेही दावा करता येतो. बँक ट्रान्सफर केलं असेल तर हा मार्ग बंद.

आणखी एक प्रकार: खोड खरंच सेरूलाचं, पण माथ्यावर 'कान्झान'सारख्या गुलाबी दुहेरी फुलांच्या चेरीचं कलम. सांगून विकलं तर यात वावगं काही नाही, झाड देखणंही असतं. न सांगता विकलं तर फसवणूक. छातीच्या किंवा डोक्याच्या उंचीवर खोडाला गाठ आणि तिथून सालीचा रंग बदललेला दिसला की समजा. घेरातही गंडवतात: तो जमिनीपासून 1 मीटर उंचीवर मोजतात, आणि 8-10 घेर म्हणजे व्यास जेमतेम 3 सेंटिमीटर. अंगठ्याएवढी काठी आली तर दोरा गुंडाळून मोजा, त्याच दिवशी कळवा.

लावणीत चूक झाली की विक्रेत्याला आयतं निमित्त मिळतं, म्हणून तीही नीट करा. खड्डा मुळांच्या गड्ड्याएवढाच खोल, रुंदी दुप्पट-तिप्पट. खोड मुळांकडे जिथे रुंदावतं तो भाग मातीच्या वर दिसला पाहिजे, कलमाचा सांधा तर नक्कीच. खोल पुरलेली चेरी आधी सुस्तावते, मग बुंध्याशी कुजते. पाणी साचणारी चिकणमाती तिला सोसत नाही. बादलीभर पाणी खड्ड्यात ओतून रात्रभर मुरलं नाही तर जागा बदला. आधाराची काठी झाडाच्या एक तृतीयांश उंचीपर्यंत, वाऱ्याच्या बाजूला. आच्छादन 5 ते 7 सेंटिमीटर, बुंध्यापासून वीतभर दूर. पहिल्या उन्हाळ्यात कोरड्या आठवड्यात 20-30 लिटर पाणी, एकदम.

पुण्या-मुंबईकडे तर रोपाचीही तसदी घेत नाहीत, निळ्या-जांभळ्या 'साकुरा'च्या बियांची पाकिटं विकतात. निळी चेरी जगात नाही. नाव असलेल्या शोभेच्या जाती कलमानेच टिकतात, आणि या झाडांना हिवाळ्यात कित्येक आठवडे सलग गारठा लागतो, तो आपल्याकडच्या गच्चीवर मिळणार नाही. शिलाँगला नोव्हेंबरात फुलते ती हिमालयातली पद्म चेरी; तिलाही डोंगरच हवा.

आता परसात उभ्या राहिलेल्या रानचेरीचं काय? ती 20 मीटरांच्या पुढे जाते, त्यामुळे घराजवळच्या छोट्या बागेत ठेवण्यात शहाणपण नाही. विक्रेत्याशी लेखी निकाल लागेपर्यंत तोडू नका, पुरावा तोच आहे. तोडायची तर जून ते ऑगस्टमध्ये. हिवाळी कापातून सिल्व्हर लीफ या पानं रुपेरी करणाऱ्या रोगाची बुरशी शिरते आणि शेजारच्या आलूबुखारालाही जाते. मुळं शक्य तितकी काढा. बदली झाड आलं तरी ते त्याच खड्ड्यात लावू नका: चेरीच्या जागी चेरी खुरटते. दोन-तीन मीटर सरका, नाहीतर तेवढी माती बदला. मजुरीचा हा खर्चही विक्रेत्याला लिहाल त्या पत्रात मागा, पावतीसकट.