नाव नसलेली ऐरण : अक्षरं उठवावी की उलटी करावी?

नागपुरात कोणत्याही कबाड्याकडे जा, जुनी ऐरण एकतर रेल्वेची असते, नाहीतर एम्प्रेस मिलची. माझी रेल्वेची निघाली. आता हे अगदीच अशक्य नाही. गाडी इथे १८६७ मध्ये आली, मिल १८७७ मध्ये सुरू झाली आणि लोहारकाम दोघांकडेही होतंच. पण ऐरण कोणाकडे राबली यावरून ती कोणी घडवली हे कळत नाही. ते जाणून घ्यायचं तर माझ्या मते दोनच रस्ते आहेत. बाजूवरची पुसट अक्षरं उठवायची, नाहीतर ऐरण उलटी करून तिचं बूड बघायचं.

आवाजाचा तिसरा रस्ता सांगणारे भेटतील. ‘टण्ण’ वाजली म्हणजे इंग्लिश, वगैरे. घडीव इंग्लिश ऐरण वाजते तशी ओतीव पोलादाची स्वीडिश ऐरणही वाजते. बिडाच्या अंगावर पोलादी माथा बसवलेली, अमेरिकेच्या फिशर कंपनीसारखी ऐरण मात्र मुकी राहते. म्हणजे आवाजावरून फिशरसारखी वगळता आली, तर आली. त्यात ऐरण बाभळीच्या बुंध्यावर पट्टीने आवळलेली असेल, तर चांगल्या चांगल्या ऐरणींची वाचा बसते. बेअरिंगची गोळी टाकून उसळी बघणं विकत घेताना उपयोगी पडतं. त्यातून माथ्याचा कडकपणा कळतो, कारखाना नाही.

अक्षरांचा रस्ता मोहाचा आहे. खर्च शून्य, ऐरण हलवायची नाही. तारेच्या हातब्रशने गंज झाडायचा, खडू घासायचा, रात्री दिवा मालवून टॉर्च आडवा धरायचा. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो, तेही चालतं. एकच विनंती, ग्राइंडर लावू नका. आधीची एक छोटी ऐरण मी एका ठिकाणी साफ करायला दिली होती. तिथल्या पोराने हौसेने फ्लॅप डिस्क फिरवली आणि तासाभरात पातेल्यासारखी चकचकीत करून दिली. अक्षरं असतीलच, तर ती भुशात गेली.

या ऐरणीवर मात्र मी चार रात्री बसलो. पहिल्या रात्री ‘एम’ दिसला. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या ‘माउसहोल’ या ऐरणींच्या कारखान्याबद्दल नुकतंच वाचलं होतं, म्हणून ती लगेच माउसहोल झाली. दुसऱ्या रात्री तिथल्याच डडलीच्या ‘पीटर राइट’ कारखान्याबद्दल वाचलं, आणि त्याच खड्ड्यांत ‘पी’ दिसू लागला. बायको म्हणाली, ‘‘अजी, हा तर बी आहे.’’ पुतण्याने फोनवर फोटो काढून काळा-पांढरा केला, त्यात तर आख्खी बाराखडी उमटली. टॉर्च वीतभर सरकवला की अक्षर बदलायचं. माझं मन उडालं ते इथे. अक्षरं पुसट असल्याचा राग नव्हता. मी मनात जे नाव घेऊन बसायचो तेच ती ऐरण निमूट दाखवायची. अशा साक्षीदाराचं काय करायचं?

शेवटी एका रविवारी सकाळी, उन्हं चढायच्या आत, तिघांनी सब्बल लावून ती बुंध्यावरून उतरवली आणि जुन्या टायरवर आडवी केली. बुडाखालून मूठभर मुंग्या, एक खिळा आणि काळं वंगण निघालं. त्रास आहे, नाही म्हणत नाही. एकट्याने करू नये, आणि पायात चप्पल तर अजिबात नको.

पण बूड मनाप्रमाणे बदलत नाही. अमेरिकेत ब्रुकलिनच्या ‘हे-बडन’ कारखान्याच्या ऐरणीच्या बुडाला डमरूच्या आकाराचा खळगा असतो, ओहायोच्या ‘ट्रेंटन’ ऐरणीला लंबगोल. माझी सपाट निघाली, मधोमध एक चौकोनी भोक. तशीच भोकं कमरेला, शिंगाखाली आणि मागच्या शेपटाखाली. लालभडक गोळा घडवताना तो धरायला सळई खुपसत, त्या या जागा; म्हणजे माल ओतीव नाही, घडीव आहे. आणि पुढच्या-मागच्या दोन्ही पायांवर बोटभर रुंदीची सपाट पायरी. गंजाच्या थराखाली ती मला चार रात्रींत दिसलीच नव्हती, कारण मी फक्त अक्षरांकडे बघत होतो. अशी पायरी ही पीटर राइटची ओळख मानतात. ती फक्त त्यांच्याकडेच होती असं मी छातीठोक सांगणार नाही, पण बाकी खुणा जोडल्या की पारडं तिकडेच झुकतं.

अक्षरांचा रस्ता मी पूर्ण सोडला असंही नाही. बुडानंतर पुन्हा बाजूकडे वळलो, या वेळी नाव न शोधता आकडे शोधले. जुन्या इंग्लिश ऐरणीवर वजन तीन सुट्या आकड्यांत असतं. पहिला हंड्रेडवेट, म्हणजे ११२ पाउंडाचा. दुसरा त्याचा पाव, २८ पाउंडाचा. तिसरा सुटे पाउंड. मला १, मग २, आणि शेवटी ४ किंवा १४ दिसत होते. पुन्हा तेच, टॉर्च म्हणेल ते. पण आता काटा होता. कबाड्याच्याच प्लॅटफॉर्म काट्यावर ती साडेएक्याऐंशी किलो भरली. शेवटी ४ धरले तर १७२ पाउंड, म्हणजे ७८ किलो; १४ धरले तर १८२ पाउंड, साडेब्याऐंशी किलो. ऐरण वापरून झिजते, वाढत नाही. म्हणजे १४. आकड्याची अशी उलटतपासणी होते, नावाची होत नाही.

तुमची ऐरण रोज कामात असेल, पट्टीने आवळलेली असेल आणि मदतीला कोणी नसेल, तर खडू-टॉर्चने सुरुवात करा, काही बिघडत नाही. कधी नशिबाने नाव लख्ख उठतंही. पण दोन माणसं मिळत असतील, तर मी आधी उलटी करेन, मग काट्यावर नेईन आणि अक्षरं सगळ्यात शेवटी बघेन. पीटर राइटच्या बाजूला ‘सॉलिड रॉट’ (अखंड घडीव) हे इंग्रजी शब्द गोलात असतात. त्या जागी मला हल्ली एक कमान दिसते, पण ती मी हिशेबात धरत नाही.

आणि हो, परत बुंध्यावर चढवण्याआधी बुडाचा फोटो काढून ठेवा. मी विसरलो. परवा एक जण बघायला आला, त्याला पायांवरच्या पायऱ्या दाखवता आल्या, बुडाचं मात्र तोंडीच सांगावं लागलं.