सांगलीच्या विश्रामबागेतला दातांचा दवाखाना: हिरडीत तुटलेलं मूळ ओढून खाली आणलं

पोराला कबड्डीत गुडघा लागला आणि वरचा समोरचा दात तुटला. पुढून अर्धा दात शाबूत दिसायचा, पण टाळूच्या बाजूला तो हिरडीच्या आत तुटला होता आणि तुकडा हिरडीला लोंबत होता. आधी जिथे दाखवलं तिथे एक्सरे बघून लगेच निकाल दिला: मूळ काढा, इम्प्लांट (हाडात स्क्रूसारखा बसवायचा कृत्रिम दात) बसवा. पोराचं वय १५, हे कुणी विचारलंसुद्धा नाही.

विश्रामबागेतल्या मॅडमनी पहिल्यांदा वयच विचारलं. इम्प्लांट हाडात पक्कं बसतं. जबडा वाढतो तसे बाजूचे दात खाली सरकत राहतात, ते मात्र जागचं हलत नाही आणि काही वर्षांत तेवढाच दात आखूड दिसायला लागतो. मग सरळ कॅप का नाही, असं मी विचारलं. कॅपला धरायला हिरडीबाहेर चारी बाजूंनी साधारण २ मिलिमीटर चांगला दात लागतो. नाहीतर कॅप निसटते किंवा मूळच उभं चिरतं. हिरडी आणि हाड कापून तेवढी जागा करता येते, पण समोरच्या दाताला तसं केलं तर हसताना एकच दात लांब दिसतो.

म्हणून मूळच खाली ओढायचं ठरलं. आधी रूट कॅनॉल. मग मुळात एक बारीक हूक बसवला, शेजारच्या दातांवर आडवी तार चिकटवली आणि हुकातून तारेला रबर ताणून बांधलं. आमचा हळदीचा धंदा, मार्केट यार्डात हमाल हूक लावून पोतं ओढतात तेच डोळ्यांसमोर आलं. फक्त इथे जोर अगदी हलका, आठवड्याला जेमतेम मिलिमीटरभर. मुळाबरोबर हिरडी खाली येऊ नये म्हणून मधूनमधून इंजेक्शन देऊन मॅडम हिरडीचे मुळाला धरणारे धागे कापत होत्या. (घरी आईचं एकच, हळद दाबा. आमच्याकडे हळदीला तोटा नाही, पण दात काही त्यानं खाली येत नाही.)

या सगळ्यात पोराला बोळकं घेऊन शाळेत जावं लागलं नाही. तारेला तात्पुरता दात चिकटवला होता, मूळ खाली येईल तसा तो मागून घासून कमी करायच्या. गॅदरिंगच्या आदल्या दिवशी नेमका तो निघाला, तर फोन केल्यावर दुपारीच बसवून दिला.

खरा कंटाळा पुढे. मूळ खाली आल्यावरही ते परत वर सरकू नये म्हणून तार तशीच ठेवून काही आठवडे थांबायला लागतं. ऊस, कणीस, अख्खा पेरू बंद. नंतर फायबर पोस्ट (कॅपला आधार म्हणून मुळात बसवायची बारीक काडी) आणि कॅप. रंग इतका जुळलाय की पाहुण्यांना कुठला दात ते सांगावं लागतं.

तक्रारी दोन. सुरुवातीच्या अंदाजात तात्पुरत्या दाताचे पैसे धरलेच नव्हते. आणि संध्याकाळी वेळ घेऊन गेलं तरी ताटकळायला लागतं. ठसा घेऊन खेळायचं माउथगार्ड करून दिलं, त्याचे पैसे मात्र मी घासाघीस न करता दिले. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे जड जातं.

ओढणं सगळ्यांनाच जमेल असं नाही. मूळ उभं चिरलं असेल किंवा ओढल्यावर हाडात पुरेसं उरणार नसेल तर मॅडम स्वतःच ‘मूळ काढून टाका’ म्हणतात, माझ्या आतेभावाला तेच सांगितलं. जाताना पहिला एक्सरे बरोबर न्या आणि जमलं तर सकाळची वेळ घ्या.