टीव्ही एका खोलीत, कम्प्युटर दुसऱ्या खोलीत: भिंतीतनं केबल कुठली न्यायची?

आधी अंतर मोजा. सरळ रेषेत नाही, केबल ज्या वाटेनं जाणार त्या वाटेनं, म्हणजे दाराला वळसा घालून वरखाली करत, कारण निम्मा निर्णय तिथंच लागतो.

दोन्ही वस्तू एकाच भिंतीच्या दोन बाजूंना असतील तर विषयच संपला. आरपार होल, त्यात पीव्हीसी पाइपचा तुकडा, चित्र आणि आवाज दोन्ही नेणारी २-३ मीटरची साधी एचडीएमआय केबल, झालं काम. कोल्हापुरात शिवाजी पेठ, मंगळवार पेठेकडच्या जुन्या घरातल्या जाड माती-विटांच्या भिंतीत मात्र झिऱ्या (केबलसाठी खाचा) मारायच्या नादाला लागू नका, आतनं माती गळत राहते, वरनं केसिंग पट्टी (केबल झाकायची प्लास्टिकची पट्टी) मारा आणि भिंतीचाच रंग द्या.

लांब न्यायची असेल तर खरी गंमत. ४के ६० हर्ट्झला, म्हणजे जास्त बारकाव्याचं चित्र सेकंदाला ६० वेळा दाखवायला, १८ जीबीपीएसची (सेकंदाला १८ गिगाबिट डेटा नेणारी) केबल लागते आणि साध्या तांब्याच्या केबलवर ५-७ मीटरच्या पुढं त्याचा भरवसा नाही, चित्र मधेच जातं नाहीतर ठिपके चमकतात. नुसतं १०८०पी, म्हणजे फुल एचडी, बघणार असाल तर १० मीटरपर्यंत सहसा चालून जातं.

त्यापुढं फायबर एचडीएमआय, म्हणजे आतल्या फायबरमधनं प्रकाशानं सिग्नल नेणारी केबल. बारीक असते, शेजारच्या लाइटच्या वायरचा सिग्नलला त्रास नाही, पण ती एकाच दिशेनं चालते, सोर्स आणि डिस्प्ले अशी टोकं ठरलेली असतात, आणि टोकातली चिप गेली की अख्खी केबल बदलायची. म्हणून भिंतीत घालायच्या आधी जमिनीवर पसरून चालवून बघा, आणि ओढताना करकचून वाकवू नका.

कॅट६ वर (इंटरनेटची लॅन वायर) एक्स्टेंडर, म्हणजे त्या वायरीतनं एचडीएमआयचा सिग्नल नेणारे दोन टोकांचे डबे, लावायचा तिसरा मार्ग, आणि फ्लॅटमधल्या ४ इंची भिंतीला मला हाच पटतो. कारण सोपं आहे, एचडीएमआयचं डोकं २५ एमएमच्या पाइपातसुद्धा बेंडला अडकतं, त्याला ३२-४० एमएमचा पाइप लागतो आणि तेवढी खोल झिरी ४ इंची भिंतीत मारली की भिंतीत राहिलं काय? कॅट६ ला २० एमएमचा पाइप पुरतो, टोकं नंतर बसवता येतात, एक्स्टेंडर बिघडला तर नुसता डबा बदलायचा. फक्त वायर पूर्ण तांब्याची घ्या, लाइटच्या पाइपातनं नेऊ नका. स्वस्त एक्स्टेंडर बरेचदा १०८०पी वरच थांबतात, काही सिग्नल दाबून पाठवतात त्यामुळं गेम खेळताना लॅग (चित्र उशिरा येणं) जाणवतो. एचडीबेसटी तंत्रावर चालणारे एक्स्टेंडर चांगले, पण खिसा सैल करावा लागतो.

वायरलेस किटचं म्हणाल तर मधे भिंत असली की त्याची खात्री मी देणार नाही.

पीओपी सीलिंग करणार असाल तर भावा, भिंत फोडूच नको, सीलिंगच्या वरनं ४० एमएमचा पाइप टाक, लाँग बेंड (लांब गोलाईचं वळण) वापर, एल्बो (काटकोनी तुकडा) नको, आणि आत नायलॉनची दोरी सोडून ठेव म्हणजे पुढं केबल बदलायची झाली तरी गवंडी बोलवायला नको. एक मात्र वायरमनला बजावून सांग, कॉलम-बीमला कटर लावायचा नाही.