ड्राइव्ह हातातून सोडली ती संध्याकाळ

मेणवलीच्या घाटावर चित्रपटाच्या पॅक-अपचे पेढे वाटले, त्याच संध्याकाळी मी माझी हार्ड ड्राइव्ह लाइन प्रोड्यूसरच्या, म्हणजे निर्मात्यासाठी सेटचा रोजचा खर्च सांभाळणाऱ्याच्या, हातात दिली. २८ दिवसांचं काम आणि ११ हजारांच्या वर फोटो त्या एका डबीत होते. "ताई, सोमवारी डिस्ट्रिब्यूटरला दाखवायचंय. ड्राइव्ह गुरुवारी परत, पेमेंटही त्याच दिवशी," तो म्हणाला. सगळे दमलेले, सगळे खुश. मी दिली. माझे १,०७,००० रुपये त्या क्षणी गेले होते, पण ते मला दिवाळीनंतर कळलं.

मी चित्रपटांसाठी स्टिल फोटोग्राफी करते. सेटबाहेरच्या लोकांना वाटतं, ही बाई कोपऱ्यात उभी राहून पडद्यामागचे फोटो काढते. ते काम असतंच, पण मुख्य काम वेगळं आहे. पोस्टर, वर्तमानपत्रात येणारा फोटो, ओटीटीवर दिसणारा लहानसा चौकोन, हे सगळं बहुतेक वेळा स्टिल्समधून निघतं. मूळ कॅमेऱ्याच्या जितकं जवळ उभं राहता येईल तितकं राहायचं, नटाच्या नजरेच्या रेषेत यायचं नाही, बूमची, म्हणजे वरून धरलेल्या माइकची, सावली सांभाळायची. माझ्या आधीची पिढी शटरचा आवाज दाबायला कॅमेरा ब्लिंपच्या जाड पेटीत घालून वापरायची. आज मिररलेस कॅमेऱ्यात शटर मुकं करता येतं, पण काही एलईडी दिव्यांखाली त्या मुक्या शटरने फोटोवर आडवे पट्टे उमटतात. मग रिहर्सलमध्ये आवाजी शटर वापरून घ्यायचं आणि टेकला गप्प उभं राहायचं. एका सीनमध्ये मनासारखी अशी एक-दोन मिनिटंच मिळतात. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे मला "चार फोटो तर काढलेत" असंही ऐकून घ्यावं लागलं.

त्या लाइन प्रोड्यूसरचा फोन आला तो फेब्रुवारी २०२३ मध्ये. ओळख एका मेकअप करणाऱ्या मैत्रिणीची होती. आधीच्या कामात तिचे पैसे त्याने वेळेवर दिले होते, म्हणून मी फार चौकशी केली नाही. ठरलं ते असं: दिवसाला ४,००० रुपये, कॅमेरे माझे, पोस्टर शूटचे वेगळे २५,०००. २८ दिवसांचे १,१२,००० आणि पोस्टरचे धरून एकूण १,३७,०००. सगळं व्हॉट्सॲपवर. मुहूर्ताचा नारळ फुटला त्या दिवशी २०,००० टोकन खात्यात आलं आणि एक पानी वर्क ऑर्डर ईमेलवर आली. मी त्यातला दर वाचला, शिफ्टचे तास वाचले. वर कुणाचं नाव छापलंय ते पाहिलं नाही. चित्रपटाची निर्मिती करणाऱ्या कंपनीचं नाव त्यावर कुठेच नव्हतं. होती ती त्या लाइन प्रोड्यूसरची स्वतःची फर्म. माझ्या फसवणुकीचं बीज त्या एका ओळीत होतं, आणि कामासाठी अशी ऑर्डर येते तेव्हा मी आज सगळ्यात आधी तीच ओळ वाचते.

दुसरी कॅमेरा बॉडी आणि ७०-२०० लेन्स मी भाड्याने घेतली होती, दिवसाला १,२०० रुपयांनी. सोबत एक मदतनीस मुलगा, त्याचे ८०० रोज. बाराव्या दिवशी भाड्याचे पैसे हवेत म्हटल्यावर लाइन प्रोड्यूसरने तासाभरात १०,००० पाठवले. तेवढ्याने माझा विश्वास पक्का झाला. आता हिशोब मांडते तेव्हा दिसतं की लेन्स आणि बॉडीचे ३३,६०० आणि त्या मुलाचे २२,४०० मिळून माझे खिशातले ५६,००० गेले होते. हाती आले होते ३०,०००. म्हणजे महिनाभर पहाटे उठून काम केलं आणि वर २६,००० रुपये मीच भरले.

एप्रिलमध्ये पुण्यात पोस्टर शूट झालं. त्याचेही १४ फायनल फोटो पूर्ण रिझोल्यूशनमध्ये मी मुकाट्याने पाठवले. ड्राइव्ह परत आली नव्हती, पेमेंट आलं नव्हतं. माझ्याकडे रॉ फाइल्सची, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेल्या मूळ फाइल्सची, प्रत घरी दुसऱ्या ड्राइव्हवर होती, ही एकच गोष्ट मी नीट केली होती.

मग सुरू झालं बिलाचं चक्र. पहिलं बिल परत आलं, तारीख एप्रिलची नको म्हणून. दुसरं परत आलं, "फोटोग्राफी" ऐवजी "क्रिएटिव्ह सर्व्हिसेस" लिहा म्हणून. तिसरं पॅन कार्डाची प्रत जोडली नाही म्हणून. प्रत्येक वेळी तीन-चार आठवडे जायचे आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं की चूक माझी आहे. शेवटी जुलैमध्ये ६०,००० चा चेक मिळाला, १० जुलै तारखेचा. सोबत पत्र की १३,७०० रुपये टीडीएस (माझ्या नावाने सरकारकडे भरायचा कर) म्हणून कापले आहेत, उरलेले ३३,३०० चित्रपट लागल्यावर मिळतील.

चेक १३ जुलैला परत आला. खात्यात पुरेशी शिल्लक नाही. मी फोन केला तर तो अगदी मनापासून वाईट वाटल्यासारखा बोलला. "ताई, परत टाकू नका, दोघांनाही बँकेचे चार्जेस बसतील. गणपती होऊ द्या, मी आरटीजीएसच करतो." त्या वर्षी गणपती १९ सप्टेंबरला बसले. गणपती झाले, मग नवरात्र, मग "रिलीजची घाई आहे, दिवाळीत तुमचं तोंड गोड करतो." मी थांबले. त्याच्या गोड बोलण्यात एक हिशोब होता, तो मला वकिलांनी समजावला. चेक न वटल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांच्या आत चेक देणाऱ्याला लेखी नोटीस जावी लागते. ती मिळाल्यावर त्याला १५ दिवसांची मुदत असते, आणि तरी पैसे दिले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात चेकसंबंधीच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स) कायद्याच्या कलम १३८ खाली कोर्टात तक्रार करता येते. पहिले ३० दिवस हुकले तरी चेक ३ महिन्यांच्या आत पुन्हा बँकेत टाकता येतो, आणि तो पुन्हा परत आला तर नोटिशीची मुदत नव्याने सुरू होते. म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत माझ्या हातात हत्यार होतं. "परत टाकू नका" या तीन शब्दांनी त्याने ते काढून घेतलं. तुमचा चेक परत आला असेल तर कृपया आजच वकील गाठा. समोरचा कितीही आपुलकीने बोलत असला, तरी नोटीस पाठवल्यावरही त्याला पैसे देता येतातच.

सप्टेंबरच्या शेवटी कर्वे रोडवरच्या बसस्टॉपवर मी पोस्टर पाहिलं. नायिका घाटाच्या पायरीवर बसलेली, मागे कृष्णेवरचं धुकं. त्या फोटोसाठी मी पहाटे साडेपाचपासून पाण्यात पाय घालून उभी होते, कारण तो कोन पायरीवरून मिळत नव्हता. मला आधी आनंद झाला, हे लपवत नाही. मग खाली बारीक अक्षरांतली नावं वाचली. डिझाइन करणाऱ्याचं होतं, माझं नव्हतं. मी बस सोडून दिली.

दिवाळीनंतर वकिलांकडे गेले ती या समजुतीत, की फोटो मी काढलेत म्हणजे ते माझे, पोस्टर थांबवता येईल. त्यांनी १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ दाखवलं. मोबदला ठरवून कुणाच्या सांगण्यावरून फोटो काढला असेल, तर वेगळा करार नसताना कॉपीराइटचा पहिला मालक काम सांगणारा असतो. आमच्या धंद्यातल्या किती जणांना हे ठाऊक आहे? मी १० वर्षं काम करत होते आणि मला माहीत नव्हतं. कायद्यातले "वेगळा करार नसताना" हे शब्द मात्र आपल्या बाजूचे आहेत. पूर्ण रक्कम मिळेपर्यंत सर्व हक्क फोटोग्राफरकडे राहतील आणि तोवर फोटो प्रसिद्ध करता येणार नाहीत, एवढी ओळ कामाआधी दोघांच्या सहीने लिहिलेली असती, तर बसस्टॉपवरचा तो फोटो माझ्या परवानगीशिवाय लागला नसता. फोटोचा कर्ता म्हणून ओळखलं जाण्याचा हक्क कलम ५७ ने वेगळा दिलेला आहे. माझ्या नावाचं भांडण त्यावर उभं आहे.

आम्ही निर्मिती कंपनीला पत्र आणि लाइन प्रोड्यूसरला नोटीस पाठवली. कंपनीचं उत्तर दोन ओळींचं आलं: आम्ही लाइन प्रोड्यूसरला ठोक रक्कम दिली आहे, तुमच्याशी आमचा कुठलाही करार नाही. कागदावर ते खरंही होतं. लाइन प्रोड्यूसरने नोटीस घेतली आणि फोन उचलणं बंद केलं.

त्या आठवड्यात मी घरी बसून ज्या गोष्टी तपासल्या, त्या मी फेब्रुवारीतच तपासायला हव्या होत्या. त्याच्या लेटरहेडवरचा जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकला. नोंदणी रद्द झालेली, तीही आमचं शूटिंग सुरू होण्याआधी. हे पाहायला लॉगिनही लागत नाही. मग आयकराच्या साइटवर माझा २६एएस, म्हणजे माझ्या नावावर जमा झालेल्या टीडीएसची नोंद, उघडला. १३,७०० कापल्याचं पत्र माझ्याकडे, पण माझ्या नावावर एक रुपयाही जमा नाही. कापाकापीसुद्धा खोटी होती. ज्यांचं काम फक्त पत्रावर आणि शब्दावर चालतं, त्यांनी दर तीन-चार महिन्यांनी २६एएस उघडून पाहावा. कापलेला टीडीएस तिथे दिसत नसेल, तर बाकीच्या पैशांबद्दलही लगेच विचारायला लागा.

पोलीस चौकीत सांगितलं गेलं की हा दिवाणी मामला आहे. फसवणुकीचा गुन्हा व्हायला सुरुवातीपासूनच बुडवण्याचा हेतू होता हे दाखवावं लागतं. मग मी लोकांना फोन करत सुटले. आमच्याच चित्रपटातले तिघे निघाले, एक कॉस्च्युमवाली, एक आर्टमधला आणि आमचे स्पॉट दादा. दादांचे १४ दिवसांचे पैसे अडकले होते. मला रोज पहिला चहा आणून देणारा माणूस, आणि त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण "ताई, पुढचं काम कोण देईल?" या भीतीवरच त्या लाइन प्रोड्यूसरचा सगळा धंदा चालला आहे. ज्या मैत्रिणीचे पैसे वेळेवर आले होते, तिला मी पुन्हा विचारलं. तिचं काम फक्त दोन दिवसांचं होतं.

सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योगांसाठीच्या एमएसएमई कायद्याबद्दल मला उशिरा कळलं. त्यासाठीची उद्यम नोंदणी मोफत होते. नोंदणी असलेल्या लहान व्यावसायिकाला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं आणि तक्रार सुविधा परिषदेपुढे, म्हणजे अशा थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या सरकारी मंडळापुढे, नेता येते. पण नोंदणी काम सुरू होण्याआधीची हवी, नंतर केलेल्या नोंदणीवर समोरचा वाद घालतो. मी ती डिसेंबर २०२३ मध्ये केली, त्यामुळे या प्रकरणात तिचा मला उपयोग नाही. तुम्ही पुढचं काम घ्यायच्या आधी करून टाका.

मुदत ३ वर्षांची असते, ती संपायच्या आत वसुलीचा दावा दाखल केला. तिथे कामी आल्या त्या मी कधीच महत्त्वाच्या न मानलेल्या गोष्टी. रोज रात्री ग्रुपवर येणाऱ्या कॉल शीट, म्हणजे सेटवर कुणी किती वाजता यायचं त्याच्या याद्या, त्यात "स्टिल्स" समोर माझं नाव आणि वेळ. आणि घरातल्या रॉ फाइल्स, प्रत्येकीत तारीख, वेळ आणि कॅमेऱ्याचा सिरियल नंबर. लाइन प्रोड्यूसरने रॉ कधी मागितल्याच नाहीत, त्याला जेपेगच पुरेशा होत्या. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायचं प्रमाणपत्र जोडून ते सगळं कोर्टात गेलंय. स्पॉट दादांनीही साक्ष द्यायचं कबूल केलंय.

ती दुसरी ड्राइव्ह माझ्या कपाटात आहे. मूळ प्रत म्हणून लागेल, तोवर तिला हात लावू नका, असं वकिलांनी सांगितलंय. मदतनीस मुलाचे २२,४०० मी एप्रिलमध्येच दिले होते. तो आता स्वतः कामं घेतो. मागच्या महिन्यात त्याने मला एका वर्क ऑर्डरचा फोटो पाठवला आणि विचारलं, "ताई, वर हे नाव कुणाचं आहे, बघाल का?"