नव्या स्टिकरखाली जुन्या बॅटऱ्या: माझे २१,००० रुपये गेले, तुमचे जाऊ नयेत म्हणून लिहितोय

ज्यांची स्वतःची एखाद-दुसरी बस आहे, टुरिस्ट कोच आहे किंवा वेर्णा, कुंडईच्या औद्योगिक वसाहतींतल्या कंपन्यांना स्टाफसाठी गाडी लावलेली आहे, त्यांनी हे शेवटपर्यंत वाचावं. मी फोंड्याकडचा. एसी कोच आहे, कर्जावर घेतलेला, आणि घर त्याच्यावरच चालतं. लिहायला लाज वाटते, कारण या धंद्यात मी नवा नाही. पण गप्प बसलो तर ज्याने मला जुन्या बॅटऱ्या नव्या म्हणून विकल्या तो दुकानदार उद्या आणखी कुणाच्या तरी गाडीत तोच माल बसवणार, हे मला पक्कं ठाऊक आहे.

चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) तोंडावर गाडीच्या दोन्ही बॅटऱ्या बसल्या. आपल्या गाड्यांना १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ व्होल्ट करतात, हे तुम्हाला सांगायला नको. माझ्याकडे १८० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) जोडी होती, चांगली चालली होती, तिचं आयुष्य संपलं होतं एवढंच. चवथीचे दिवस, गाडी बुक झालेली, आणि सकाळच्या शिफ्टचा स्टाफ तर रोज न्यायचाच. फिटरने एक दुकान सुचवलं. रस्त्यावरचं टपरीछाप दुकान नव्हे. पक्कं दुकान, वर नामांकित कंपनीचा मोठा बोर्ड, आत रॅकवर बॅटऱ्या रांगेत लावलेल्या, चार्जिंगचा पंखा चालू. अशा दुकानात शिरताना कोण संशय घेतो? फिटरला त्यातून काय मिळालं असेल, ते मला नंतर कळलं.

भाव असा ठरला. एका बॅटरीचे १३,७००, दोघींचे २७,४००. जुन्या जोडीचे ६,४०० वजा. द्यायचे राहिले २१,०००. दुसऱ्या दुकानात त्याच कंपनीच्या त्याच मापाच्या जोडीचे एक्स्चेंज धरून ३१ हजारांच्या आसपास सांगितले होते. फरक मोठा होता, मान्य. पण त्याचं कारण या दुकानदाराने लगेच दिलं. त्या वेळी बॅटरीवर जीएसटी २८ टक्के होता. म्हणाला, ‘पात्रांव, पक्कं बिल केलं तर टॅक्स तुमच्याच डोक्यावर. एस्टिमेटवर (कच्च्या चिठ्ठीवर) घ्या, वॉरंटी कार्ड तर देतोच आहे.’ आपल्या धंद्यात निम्मी खरेदी अशीच होते. ज्याने कधी एस्टिमेटवर सामान घेतलं नाही, त्याने मला शहाणपण शिकवावं. २२ सप्टेंबर २०२५ पासून हा टॅक्स १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा टॅक्स वाचवायच्या या बोलीला आता कुणी भुलू नये. पक्कं बिल नसेल तर दुकानातून बाहेर पडा, बॅटरी कितीही स्वस्त असो.

१५,००० यूपीआयने दिले, ६,००० रोख. पैसे गेल्यावर मोबाइलवर दुकानाचं नाव न येता एका बाईचं नाव आलं. विचारलं तर म्हणाला, घरच्यांचं खातं आहे.

आता ज्या क्षणाने माझी झोप उडवली आहे, तो सांगतो. पाऊस धो धो पडत होता. शेडमध्ये एकच ट्यूब. दुकानातला पोरगा बॅटऱ्या बॉक्समध्ये ठेवून वायरचे क्लॅम्प बसवत होता. प्लसचा क्लॅम्प त्याने पोस्टवर, म्हणजे बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर घातला, पाना फिरवला, तरी क्लॅम्प गोल फिरतच राहिला. मग त्याने खिशातून शिशाची एक पातळ पट्टी काढली, पोस्टभोवती गुंडाळली आणि वरून क्लॅम्प आवळला. पट्टी खिशात तयार होती! मी लगेच विचारलं, ‘नव्या बॅटरीला पट्टी कशाला?’ मालक काउंटरवरून म्हणाला, ‘तुमचा क्लॅम्प सैल झालाय भाऊ, जुनी गाडी.’

तो क्लॅम्प त्याच दिवशी जुन्या बॅटरीवरून काढताना हातोडीने ठोकावा लागला होता, इतका घट्ट होता. नव्या बॅटरीचा पोस्ट पूर्ण मापाचा आणि गुळगुळीत असतो. अनेकदा आवळून, काढून, कानशीने घासूनच तो बारीक होतो. या पोस्टवर कानशीचे आडवे ओरखडे होते आणि शिसं नुकतंच घासल्यामुळे चकचकीत दिसत होतं. मला ती चकाकी नवेपणाची वाटली. पट्टी पाहिली, प्रश्न विचारला, उत्तर मिळालं आणि मी ते मानलं. कारण क्लॅम्प सैल होतात, सगळ्यांच्याच गाड्यांत होतात. भर पावसात, पहाटेची शिफ्ट डोक्यावर असताना दुकानदाराच्या तोंडावर कोण खोटं पाडणार? तरीही ती पट्टी डोळ्यांसमोरून हलत नाही. पुढे खऱ्या बॅटऱ्या घेतल्या तेव्हा तोच क्लॅम्प पट्टीशिवाय चपखल बसला.

आणखी दोन खुणा होत्या. झाकण आणि डबा जिथे चिकटवलेले असतात, तिथे प्लॅस्टिक वितळून मेणबत्तीच्या मेणासारखं ओघळलं होतं. कारखान्यातून आलेल्या बॅटरीचा हा सांधा सरळ आणि एकसारखा असतो. आणि झाकणावर जिथे बनवल्याच्या महिन्याचा कोड ठोकलेला असतो, तिथली जागा खरवडून साफ केली होती, वर नवा स्टिकर. डबा त्या कंपनीचाच होता, नाव प्लॅस्टिकमध्येच उमटवलेलं, म्हणून कुणालाही पटावं. आतला माल मात्र गोळा केलेला. भंगारातला डबा, त्यात वापरलेल्या किंवा कमी प्लेटी, ताजं ॲसिड, वर स्टिकर.

ताज्या ॲसिडनेच सगळे फसतात. दुकानात त्याने माझ्यासमोर ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर घातला, तरंगता भाग हिरव्या पट्ट्यात उभा राहिला. मल्टीमीटरने १२.६ दाखवले. दोन्ही आकडे खरे होते आणि दोन्हींचा उपयोग शून्य. ॲसिड नवं ओतलं की घनता चांगलीच दिसते आणि भार नसताना मरत आलेली बॅटरीही पूर्ण व्होल्ट दाखवते. स्टार्टर फिरताना बॅटरी किती टिकते, ते बघायचं असतं. भार टाकून तपासणारा लोड टेस्टर लावायला सांगा. त्याच्याकडे नसेल तर गाडीत बसवल्यावर एकाने सेल्फ (स्टार्टर) मारावा आणि दुसऱ्याने प्रत्येक बॅटरीवर वेगळा मीटर धरावा. इंजिन फिरत असताना एकेक बॅटरी साडेनऊ व्होल्टच्या खाली उतरता कामा नये. दोघींवर मिळून बघू नका, चांगली बॅटरी वाईट बॅटरीला झाकून टाकते.

पहिले काही आठवडे गाडी ठीक लागली. दिवाळीच्या आधीच सकाळी सेल्फ जड फिरू लागला. दुकानात गेलो, त्याने चार्जिंगला लावून परत दिल्या. मग एका पहाटे गाडी लागलीच नाही, नुसता टक् टक् आवाज. स्टाफ नाक्यानाक्यावर उभा. दुसरी गाडी ऐन वेळी लावली, तिचे ६,५०० गेले. कंत्राटदाराने उशिराचे ३,५०० कापले. बॅटरी कमी व्होल्ट देत असताना वारंवार सेल्फ मारल्याने स्टार्टरच्या सोलेनॉइडचे (स्टार्टरला करंट जोडणाऱ्या स्विचचे) कॉन्टॅक्ट जळले, त्या कामाचे ४,८५०. २१,००० धरून सगळे ३५,८५०. नव्या जोडीचे ३१,२०० वेगळे, पण ते पक्क्या बिलावर.

दुकानदार काय म्हणाला? आधी म्हणाला, अल्टरनेटर खराब आहे. मी दुसऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतला, चार्जिंग २८.२ व्होल्ट, बरोबर. मग म्हणाला, तुम्ही म्युझिक सिस्टीमला एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढले असतील, म्हणून ती बॅटरी उतरली. पुष्कळ गाड्यांत असं करतात आणि त्याने जोडी खरंच बिघडते, एक उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होते. पण माझ्या गाडीत २४ ते १२ चा कन्व्हर्टर आहे, तोही दाखवला. शेवटी म्हणाला, ‘आणा इकडे, तुम्हाला इन्व्हर्टरवाली ट्युब्युलर देतो, जाड प्लेटी, जन्मभर चालेल.’ हे कुणी ऐकू नका. इन्व्हर्टरच्या बॅटरीच्या प्लेटी हळूहळू वीज देण्यासाठी जाड असतात. सेल्फला क्षणभर शेकडो अँपिअर लागतात, त्यासाठी पातळ आणि जास्त प्लेटींची बॅटरी हवी. एएचचा आकडा तोच दिसला तरी काम वेगळं.

वॉरंटी कार्ड उघडून पाहिलं तर शिक्का होता, तारीख नव्हती. कंपनीच्या टोल-फ्री नंबरवर सीरियल नंबर सांगितला. पलीकडच्या मुलीने सांगितलं की हा नंबर वेगळ्याच मापाच्या बॅटरीचा आहे. हेच लेखी द्या म्हटलं, तर ईमेल करा म्हणाली. ईमेल केला, फोटो पाठवले. उत्तर आलं की अधिकृत विक्रेत्याचं बिल जोडा. अरे, बिल नाही आणि विक्रेता बनावट आहे हीच तर तक्रार आहे! तुमच्या नावाचा बोर्ड लावून तो बसला आहे, तो बोर्ड तरी उतरवा. त्यावर आजपर्यंत उत्तर नाही.

पोलिसांत गेलो. तक्रार ऐकायच्या आधीच सांगितलं, ‘हा दिवाणी मामला आहे, ग्राहक मंचात जा.’ जुना माल नवा म्हणून विकणं, कोड खरवडणं, खोटा स्टिकर लावणं हा दिवाणी मामला? भारतीय न्याय संहितेच्या ३१८ कलमात फसवणूक कशाला म्हणतात ते लिहिलं आहे, तुम्हीच वाचा. मी ते बोललो तर म्हणाले, कंपनीने तक्रार करायला हवी. पुन्हा गेलो, साहेब बंदोबस्ताला. त्यानंतर गेलो, ज्यांच्याकडे अर्ज दिला होता त्यांची बदली झालेली आणि अर्ज सापडेना. माझ्याकडे शिक्क्याची पोच होती म्हणून तोंड उघडता आलं, नाहीतर मी आलोच नव्हतो असं ठरलं असतं. पोच घेतल्याशिवाय कुठलाही कागद देऊ नका. पोलीस दाद देत नसतील तर तोच अर्ज रजिस्टर पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येतो, तो मी पाठवला आहे.

टॅक्सच्या कार्यालयात तर कमाल झाली. बोर्डवरचा जीएसटी नंबर जीएसटीच्या पोर्टलवर कुणालाही शोधता येतो, मिनिटाचं काम. मी शोधला. नंबर निघाला भलत्याच नावाचा आणि पत्ताही दुसरा. प्रिंट काढून घेऊन गेलो. समोरच्या माणसाने प्रिंट बघितली, परत सरकवली आणि म्हणाला, ‘तुम्ही स्वतः बिल न घेता माल घेतला, तेव्हा तुम्हीही त्यात आलात.’ म्हणजे लुबाडला गेलेला माणूसच गुन्हेगार! लुटणारा दुकान उघडून बसला आहे, बोर्डवर दिवा लावतो, सकाळी उदबत्ती लावतो, आणि मी कार्यालयामागून कार्यालयात बाकड्यावर बसतो, गाडी उभी ठेवून, दिवसाची कमाई बुडवून. यांचा पगार आपल्याच टॅक्समधून जातो ना?

सगळ्यांत मोठी चीड ग्राहक मंचाबद्दल मला जे सांगितलं गेलं त्याची. दोन वकिलांनी सांगितलं, बस हा व्यवसाय, तुम्ही ग्राहकच नाही. हे अर्धवट आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की स्वतः राबून फक्त पोटापाण्यासाठी वापरायला घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची धरली जात नाही. माझी एकच गाडी, चालवतोही मीच. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, वकील लागतोच असं नाही, मुदत दोन वर्षांची. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर फोन करून नोंदही करता येते. दक्षिण गोव्याचा जिल्हा ग्राहक आयोग (ज्याला आपण मंच म्हणतो तो) मडगावला, उत्तर गोव्याचा पर्वरीला. माझी तक्रार तयार आहे. अडचण एवढीच की ६,००० रोख दिल्याचा पुरावा नाही. म्हणून रोख एक रुपयाही देऊ नका, आणि यूपीआयवर दुकानाचं नाव येत नसेल तर पैसे पाठवू नका.

पुरावा म्हणून मी एक साधी गोष्ट केली. ओळखीच्या भंगारवाल्याच्या काट्यावर दोन्ही बॅटऱ्या तोलल्या आणि काट्याचा फोटो घेतला. कंपनीच्या छापील तक्त्यात ॲसिडसकट जेवढं वजन दिलं आहे, त्यापेक्षा एक ९ किलोने हलकी निघाली, दुसरी ११ किलोने. बॅटरीत पैसा शिशाचा असतो. वजन नाही म्हणजे शिसं नाही, शिसं नाही म्हणजे प्लेटी नाहीत. विकत घेतानाच तोलून घ्या, दुकानदार कुरकुरला तर उत्तर मिळालंच. जोडी एकाच कंपनीची, एकाच एएचची, एकाच महिन्याच्या कोडची घ्या. कोड, सीरियल नंबर आणि तारीख बिलावर त्याच्याच हाताने लिहून घ्या.

तक्रारीचा वास लागल्यापासून त्याचे फोन येतात. ‘भाऊ, बॅटऱ्या घेऊन या, बदलून देतो, कशाला वाढवता?’ मी नेणार नाही. त्या हातातून गेल्या की माझ्याकडे एस्टिमेटचा एक चिटोरा उरेल. ज्यांच्याकडे अशा खरवडलेल्या कोडच्या बॅटऱ्या आहेत, त्यांनी त्या एक्स्चेंजला देऊ नयेत, भंगारात घालू नयेत आणि त्याच्या दुकानात तर मुळीच परत नेऊ नयेत. माझ्या दोन्ही पडवीत ठेवल्या आहेत, शिशाची पट्टीसुद्धा पिशवीत घालून सोबत ठेवली आहे. ज्यांना माझ्याबरोबर तक्रार करायची आहे त्यांनी आपापल्या बॅटऱ्यांच्या झाकणाचे, पोस्टचे आणि काट्यावरच्या वजनाचे फोटो काढून ठेवावेत.